पाय चेपणारे यंत्र घेतले, डॉक्टरांकडे मात्र उशिरा गेले

सुमारे सहा महिन्यांपूर्वी मी हवेच्या दाबाने पाय चेपणारे एक यंत्र विकत घेतले. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की पाय स्वस्थ राहू देत नसत, आणि यंत्राच्या खोक्यावर नेमके त्याच त्रासाचे नाव घेऊन ‘अस्वस्थ पायांना आराम’ असे ठळक अक्षरांत छापलेले होते. कंपनीचे नाव मी येथे देत नाही, कारण माझे म्हणणे एका कंपनीपुरते नाही आणि यंत्र वाईट आहे असेही मला म्हणायचे नाही. मात्र ज्या कामासाठी ते विकले जाते आणि ज्या कामासाठी मी ते घेतले, त्याच कामात त्याने मला सात आठवडे एका साध्या रक्ततपासणीपासून दूर ठेवले. परीक्षण लिहायला बसले आहे ते त्यासाठी.

आधी वस्तूविषयी. खोक्यात दोन जाड कापडी पट्टे येतात. ते पावलापासून गुडघ्याच्या खालपर्यंत गुंडाळून वेल्क्रोने बांधायचे असतात. पट्ट्यांच्या आत हवेचे कप्पे आहेत. एका लहान पंपातून नळ्यांवाटे हवा आली की आधी पाऊल, मग घोटा, मग पोटरी अशा क्रमाने ते फुगतात, काही सेकंद तसेच ताठ राहतात आणि मग फुस्सकन हवा सुटते. दाबाच्या तीन पायऱ्या आहेत, पोटरीजवळ ऊब देण्याची सोय आहे, आणि वीस मिनिटांनी यंत्र आपोआप बंद होते. बंद होताना ते एक लांब शिट्टी वाजवते, आणि ती बंद करण्याची सोय कुठेही नाही. शिवण उत्तम आहे. सहा महिन्यांत एकही टाका उसवलेला नाही. डाव्या पट्ट्याचे वेल्क्रो मात्र धागे आणि धूळ धरून चौथ्या महिन्यातच ढिले पडले, आणि सर्वांत वरच्या दाबाला ते चर्रकन सुटते. रिमोटची सगळी बटणे सपाट आणि एकाच आकाराची आहेत. हे यंत्र कोणाला मध्यरात्री, दिवा न लावता वापरावे लागेल, असा विचार ते घडवणाऱ्याच्या मनात आलेला दिसत नाही. पंपाची घरघर शेजारी झोपलेल्या माणसाला जागे करण्याइतकी मोठी नाही. ते काम शिट्टी करते.

ज्या त्रासासाठी यंत्र घेतले तो नीट सांगितल्याशिवाय यंत्राचे मोजमाप करता येणार नाही. माझे पाय दुखत नव्हते. कोणालाही सांगताना मला हेच सर्वांत अवघड जाई, कारण ‘दुखत नाही, पण सहनही होत नाही’ असे म्हटले की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर बारीकसे हसू उमटते. पोटऱ्यांच्या आत, कातडीच्या बऱ्याच खाली, कोणी ओली दोरी सावकाश पिळत आहे असे वाटे. कधी तेथे काहीतरी वळवळत आहे असे वाटे. आणि पाय हलवला की ते सगळे त्याच क्षणी थांबे. पाय पुन्हा स्थिर ठेवला की अर्ध्या मिनिटाच्या आत परत सुरू होई. ‘हात शिवशिवतात’ असे आपण थट्टेत म्हणतो; माझे पाय अक्षरशः शिवशिवत असत. रात्री अकरा ते दोन या वेळात मी बैठकीच्या खोलीत फेऱ्या मारत असे. पुस्तकांच्या मांडणीतील छातीइतक्या उंचीच्या फळीवर पुस्तक उघडून ठेवायचे आणि टाचा उचलत-टेकवत वाचायचे, अशा रीतीने मी त्या वर्षी बरेच वाचन उभ्यानेच केले. सकाळी मात्र पाय अगदी शहाण्यासारखे वागत. रात्री दोन वाजता ‘उद्या डॉक्टरांकडे जायचेच’ असा केलेला निश्चय दुपारपर्यंत विरून जाई. कारण डॉक्टरांना दाखवायला दिवसा काहीच शिल्लक नसे.

पहिला आठवडा मी यंत्रावर खूश होते. दाब दुसऱ्या पायरीवर ठेवला की पोटरीतली पिळवट त्याच्याखाली दबून जाई, आणि सलग वीस मिनिटे आडवे पडून राहता येई, जे कित्येक महिन्यांत जमले नव्हते. दुसऱ्या आठवड्यात ध्यानात आले की शिट्टी वाजल्यावर साधारण अर्ध्या तासात पाय पुन्हा मूळ पदावर येतात. मग मी यंत्र रात्रीतून दोनदा लावू लागले, नंतर तीनदा. चौथ्या आठवड्यात वेगळीच अडचण जाणवली. कप्पे फुगून थांबतात त्या काही सेकंदांत पाय जखडलेले असतात, आणि हलल्यावाचून ज्यांना चैन पडत नाही त्याच पायांना घट्ट बांधून ठेवायचे, ही या यंत्रामागच्या कल्पनेतलीच गफलत आहे. त्रास सौम्य असलेल्या रात्री दाबाने बरे वाटते. तीव्र असलेल्या रात्री त्याच दाबात अडकल्यासारखे होते. अशा वेळी मी अंधारात रिमोट चाचपून बटण दाबत असे, आणि हवा सुटण्याऐवजी ऊब वाढत असे. एका रात्री मी सरळ नळ्या पंपातून उपटल्या आणि दोन्ही पट्टे पायांतच ठेवून खोलीभर चालत सुटले. नवऱ्याने दार उघडून पाहिले आणि काही न बोलता लावून घेतले.

मिळणारा आराम खोटा नव्हता, हे मान्य केले पाहिजे. या विकारात, ज्याला रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम म्हणतात, चोळणे, चेपणे, ताणणे, गरम किंवा गार पाणी अशा कोणत्याही जोरकस संवेदनेने त्रास तेवढ्यापुरता दबतो, आणि हवेच्या दाबाच्या यंत्रांवर झालेल्या काही लहान चाचण्यांतही रुग्णांना फरक पडल्याचे दिसले आहे. माझा आक्षेप माहितीपुस्तिकेवर आहे. ‘रक्ताभिसरण मंदावल्यामुळे पाय अस्वस्थ होतात’ असे एका वाक्यात सांगून ती मोकळी झाली आहे. हा विकार पायांत जाणवत असला तरी त्याचे मूळ मज्जासंस्थेत आहे. मेंदूला पुरेसे लोह न मिळणे आणि डोपामाइन या रसायनाच्या कामात बिघाड होणे, या दोन गोष्टींशी त्याचा संबंध असल्याचे आजवरचे संशोधन सांगते. इंग्लंडमधील वैद्य थॉमस विलिस यांनी अंथरुणावर पडताच हातपाय उसळू लागणाऱ्या आणि त्यामुळे झोपच छळासारखी वाटणाऱ्या रुग्णांचे वर्णन १६७२ मध्येच करून ठेवले होते. स्वीडनचे मज्जाविकारतज्ज्ञ कार्ल-आक्सेल एकबोम यांनी १९४५ मध्ये त्याचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला, आणि म्हणून याला विलिस-एकबोम विकार असेही नाव आहे. लोहाच्या कमतरतेशी असलेले त्याचे नातेदेखील १९५० च्या दशकापासून वैद्यकाला ठाऊक आहे. एवढ्या जुन्या गोष्टीला चोवीस पानांच्या पुस्तिकेत एक ओळही मिळू नये, आणि पट्टा कोमट पाण्यात कसा धुवावा याला मात्र दीड पान मिळावे, याचा मला आजही राग येतो.

त्या पुस्तिकेत इशाऱ्यांचे एक पान आहे, अर्थातच सर्वांत बारीक अक्षरांत. यंत्र कोणी वापरू नये हे त्यात सांगितले आहे. यंत्र बाजूला ठेवून डॉक्टरांकडे कधी जावे हे सांगितलेले नाही. ते तेथे छापलेले असते तर मला काय वाचायला मिळाले असते, ते आता मला ठाऊक असल्यामुळे लिहिते.

सर्वांत आधी हा त्रास तोच आहे का, हे पाहावे लागते, आणि त्यासाठी यंत्र लागत नाही, स्वतःकडे नीट लक्ष द्यावे लागते. पाय हलवण्याची अनावर ओढ लागते का. ती बसल्या किंवा पडल्यावर सुरू होते अथवा वाढते का. चालल्याने किंवा ताणल्याने, निदान चालत असेपर्यंत, ती कमी होते का. आणि संध्याकाळी व रात्री ती दिवसापेक्षा जास्त असते का? या चारही प्रश्नांचे उत्तर ‘हो’ असेल आणि दुसऱ्या कोणत्या कारणाने ते सगळे समजावून सांगता येत नसेल, तर डॉक्टर या विकाराचे निदान करतात. निदान मुख्यतः रुग्णाच्या सांगण्यावरूनच होते. त्यासाठी झोपेची चाचणी बहुधा लागत नाही. घोरणे, झोपेत श्वास अडकणे असा संशय असेल तर ती करतात. म्हणूनच दिवसा दाखवायला काही नसते ही माझी सबब मुळातच फोल होती. दाखवायचे काही नव्हतेच, सांगायचे होते.

गल्लत मात्र सहज होते. पायात गोळा येतो तेव्हा स्नायू हाताला दगडासारखा टणक लागतो, लख्ख दुखतो आणि ताणल्यावर सुटतो. ते वेगळे प्रकरण आहे. मधुमेहात किंवा अन्य कारणाने पायांच्या नसा खराब होतात तेव्हा तळव्यांची जळजळ, मुंग्या किंवा बधिरपणा येतो आणि चालल्याने त्यात विशेष फरक पडत नाही. चालताना पोटरी भरून येते आणि थांबल्यावर बरे वाटते, हे तर आमच्या दुखण्याच्या अगदी उलटे. त्यात पायाला रक्त पोहोचवणारी धमनी अरुंद झाल्याची शक्यता असते, आणि अशा पायांना हवेच्या दाबाचे पट्टे बांधण्याआधी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. काही औषधांमुळे पायांपुरती न राहता सर्वांगाची तगमग होते आणि एका जागी बसवत नाही. तीही याच नावाखाली खपून जाते. बसल्या बसल्या पाय हलवत राहण्याची सवय ही नुसती सवय आहे. तिच्यासाठी कोणीही हे यंत्र घेऊ नये.

काही लक्षणे दिसल्यास वाट पाहणेच चूक ठरते. एकच पाय सुजला, पोटरी गरम, लालसर आणि दुखरी झाली तर शिरेत रक्ताची गाठ झालेली असू शकते. त्याच दिवशी डॉक्टर गाठावे लागतात. त्यासोबत छातीत दुखू लागले किंवा धाप लागली तर थेट आपत्कालीन विभागात जावे. अशा पायावर दाबाचे यंत्र लावणे हा धोक्याचा खेळ आहे, आणि ‘पाय जड झालाय, जरा चेपून घेऊ’ असे म्हणणारी माणसे मी घरातच पाहिली आहेत. पायातले बळ अचानक गेले, पाठदुखीबरोबर जांघेत बधिरपणा आला, लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटला, तर तेही तातडीचे. यांपैकी काहीही पायांच्या त्या नेहमीच्या चुळबुळीत मोडत नाही.

जीवघेणी घाई नसलेल्या, माझ्यासारख्या माणसाने कधी जावे? हा प्रश्न मी वर्षभर स्वतःला चुकीच्या पद्धतीने विचारत होते: ‘हे डॉक्टरांना सांगण्याइतके मोठे आहे का?’ त्याऐवजी झोपेचा हिशेब मांडायला हवा होता. आठवड्यातून दोन किंवा अधिक रात्री त्रास होत असेल, झोप लागायला उशीर होत असेल किंवा मध्येच मोडत असेल, दुसऱ्या दिवशी कामात डोळे मिटत असतील, लांबचा प्रवास किंवा नाटक-सिनेमाचे आमंत्रण आपण पायांच्या भीतीने टाळू लागलो असू, तर वेळ झालेली आहे. गाडी चालवताना डुलकी येत असेल तर ती केव्हाच होऊन गेली आहे. त्रास संध्याकाळऐवजी दुपारीच सुरू होऊ लागला किंवा हातांपर्यंत पसरला, तरीही थांबू नये. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तिमाहीत, हा त्रास पुष्कळ स्त्रियांना होतो आणि बाळंतपणानंतर बहुधा जातो. तरी तपासणीच्या वेळी तो सांगितलाच पाहिजे, कारण लोहाची गरज त्या काळात वाढलेली असते. मूत्रपिंडाचा जुना आजार असलेल्यांनी, डायलिसिसवर असलेल्यांनी आणि नवे औषध सुरू केल्यावर पाय बिघडलेल्यांनी ही गोष्ट आपल्या डॉक्टरांच्या कानावर घालावी. हा विकार अनेकदा घराण्यात असतो, तेव्हा आई किंवा मामा रात्री उठून फेऱ्या मारत असत का, हेही आठवून जावे. मुलांच्या बाबतीत ‘वाढीचे दुखणे’ किंवा ‘वर्गात एका जागी बसत नाही’ या शेऱ्यांमागे कधी कधी हेच असते.

मी अखेर गेले ते पायांमुळे नव्हे. सकाळी कामाच्या बैठकीत, माझ्याच बोलण्याच्या मध्ये, मला क्षणभर झोप लागली. सहकारी सभ्य असल्याने कोणी काही म्हणाले नाही, आणि तेच मला जास्त लागले. त्याच संध्याकाळी मी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पाय पाहिले, गुडघ्यावर हातोडी मारली, घोट्याजवळची नाडी चाचपली आणि मग वर लिहिलेले चार प्रश्न विचारले. पाचवा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. ‘झोप यावी म्हणून काय काय घेता? औषधच असे नाही, काहीही सांगा,’ असे त्यांनी विचारले. मी थोडी ओशाळले. आठवड्यातून तीन-चार रात्री मी सर्दीची गोळी घेत असे, सर्दी नसताना, केवळ तिने गुंगी येते म्हणून. गुंगी आणणाऱ्या जुन्या धाटणीच्या अँटिहिस्टामिन गोळ्यांनी हाच त्रास वाढतो, हे मला तेव्हा कळले. म्हणजे पायांमुळे झोप येत नाही म्हणून गोळी घ्यायची आणि गोळीमुळे पाय अधिक शिवशिवायचे, असा माझा परस्पर कारभार चालला होता. मळमळीवरची मेटोक्लोप्रामाइडसारखी औषधे, नैराश्यावरची बरीचशी औषधे आणि मानसिक आजारांवरची काही औषधे यांनीही असे होऊ शकते. पण ती आपल्या मनाने बंद करायची नसतात, लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच काय ते ठरवायचे असते. मद्य, तंबाखू आणि कॅफिन यांविषयीही त्यांनी विचारले. त्या भागात माझी बाजू बरी होती.

त्यानंतर रक्ततपासणी झाली: हिमोग्लोबिन, फेरिटिन, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात लोह वाहून नेणारे प्रथिन किती टक्के लोहाने भरलेले आहे ते), साखर आणि मूत्रपिंडाचे काम. सकाळी उपाशीपोटी यायचे आणि आदल्या दिवशी लोहाची कोणतीही गोळी घ्यायची नाही, एवढेच पथ्य. अहवाल हातात आला तेव्हा मी तो स्वतः वाचला आणि निराश झाले, कारण सगळे ठीक दिसत होते. हिमोग्लोबिन १२.४. फेरिटिन १९, आणि त्यापुढे प्रयोगशाळेने छापलेली खालची मर्यादा १५; म्हणजे आकडा मर्यादेच्या आत, ठळक अक्षरे नाहीत, फुली नाही. मी एकटी असते तर तो कागद फाइलला लावून पुन्हा पट्टे बांधले असते. डॉक्टरांनी मात्र नेमक्या त्याच आकड्याभोवती पेनने गोल केला. फेरिटिन म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा अंदाज. हिमोग्लोबिन चांगले असूनही साठा तळाला गेलेला असू शकतो, आणि प्रयोगशाळेची मर्यादा सर्वसामान्य माणसासाठी असते. अस्वस्थ पायांच्या रुग्णाला फेरिटिन ७५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा त्याहून कमी असेल, अथवा ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन २० टक्क्यांच्या खाली असेल, तर लोह देण्याचा विचार करावा असे झोपविकारांवरील मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. त्या मापाने माझे १९ म्हणजे रिकामे कोठारच होते. शरीरात संसर्ग किंवा दाह असला की फेरिटिन खोटे वाढलेले दिसते, म्हणून दोन्ही आकडे एकत्र वाचावे लागतात, हेही त्यांनी समजावून सांगितले.

हे वाचून कोणी उद्यापासून लोहाच्या गोळ्या सुरू करेल या शंकेने येथे दोन वाक्ये जास्त लिहिते. लोह शरीरात साचून यकृताला व हृदयाला इजा करू शकते, आणि काहींना जन्मतःच ते जास्त साठवून ठेवण्याचा आजार असतो. म्हणून आधी तपासणी आणि मग गोळी. शिवाय लोह कमी सापडले की ते गेले कुठे, हा प्रश्न उरतोच. माझ्या बाबतीत पाळीतला अतिरक्तस्राव हे कारण निघाले, ज्याच्याकडेही मी ‘वयानुसार चालायचेच’ म्हणून काणाडोळा केला होता. पुरुषांत आणि पाळी थांबलेल्या स्त्रियांत साठा कमी निघाला तर जठर-आतड्यांतून रक्त जात नाही ना, याचा शोध घ्यावा लागतो. पाय वळवळतात म्हणून गेलेल्या माणसाला पोटातल्या आजाराचा सुगावा वेळेवर लागू शकतो, तो असा. पाय चेपणाऱ्या यंत्राला तो लागणे शक्य नाही.

सर्दीची गोळी थांबवल्यावर आठवड्याभरात रात्रीची धार थोडी बोथट झाली. लोहाचा परिणाम सावकाश झाला. पहिला महिना काहीच नाही, दुसऱ्या महिन्यात आठवड्यातून एखादी रात्र सुटी मिळू लागली, आणि तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस केलेल्या तपासणीत फेरिटिन ५८ वर आले होते. आता आठवड्यातून एखादी रात्र त्रासाची जाते. सगळ्यांचे लोहाने भागते असे नाही. ज्यांना गोळ्या सोसत नाहीत किंवा लागू पडत नाहीत त्यांना शिरेतून लोह देतात, आणि त्यापुढे औषधे लागली तर गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन या गटाला हल्ली पहिली पसंती असते. पूर्वी सर्रास दिली जाणारी प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल ही डोपामाइनची औषधे सुरुवातीला छान काम करतात, पण पुढे अनेकांचा त्रास उलट वाढतो, लवकर सुरू होतो आणि हातांतही पसरतो. काहींना जुगाराचा किंवा खरेदीचा आवरता न येणारा नाद लागतो. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेच्या झोपवैद्यक अकादमीच्या मार्गदर्शक तत्त्वांनी या औषधांच्या सरसकट वापराविरुद्ध सल्ला दिला आहे. ती जुनी चिठ्ठी कोणाकडे असेल तर त्यांनी डॉक्टरांशी बोलावे. एकदम बंद मात्र करू नये.

पुन्हा यंत्राकडे. दिवसभर उभे राहून थकलेले, एरवी निरोगी पाय चेपून घेण्यासाठी मी त्याला पाचपैकी चार गुण देईन, आणि एक गुण वेल्क्रो व रिमोट यांच्या नावे कापेन. अस्वस्थ पायांसाठी दोन. कारण डॉक्टरांकडे जाऊन आल्यावर, उपचार लागू पडेपर्यंतच्या आठवड्यांत त्याचा मला आधार झाला आणि सौम्य रात्री आजही होतो. माहितीपुस्तिकेला शून्य. परत करण्याची मुदत तीस दिवसांची आहे आणि पहिले तीन आठवडे वस्तू उत्तमच वाटते, तेव्हा ज्यांना हे पायांच्या रात्रीच्या त्रासासाठी घ्यायचे असेल त्यांनी शिट्टीनंतरचा अर्धा तास घड्याळ लावून मोजावा आणि मुदत संपण्याच्या आत निर्णय घ्यावा. सासूबाईंनी यंत्र मागितले होते. त्यांना बऱ्याच वर्षांचा मधुमेह आहे आणि तळव्यांना गरम-गार फारसे कळत नाही; अशा पायांवर ऊब आणि दाब दोन्ही इजा करू शकतात, म्हणून त्यांना ते दिले नाही आणि त्यांची थोडी नाराजी पत्करली.

सध्या ते नवरा वापरतो, रात्री उशिरा, दिवसभराची उभ्याची कामे आटोपल्यावर. त्याला ते आवडते. शिट्टी बंद करण्याची सोय मात्र कंपनीने पुढच्या यंत्रात अवश्य करावी. पूर्वी ती वाजे तेव्हा मी जागीच असे. गेल्या महिन्यात दोनदा तिने माझी झोपमोड केली.